खुतब्यातलं एक नाव

आमच्या सरांनी आयुष्यात एकदाच बंड केलं आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्यांच्याविरुद्ध केलं त्यांनी उलट त्यांना रक्तदाबाच्या डॉक्टरचा पत्ता पाठवला. बंडखोराचा याहून मोठा अपमान मी इतिहासात कुठं वाचलेला नाही, आणि इतिहास मी बऱ्यापैकी वाचलाय.

सर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. कॉलेजचं नाव घेत नाही. घ्यायचं झालं तर त्याच्या आधी चार थोरांची नावं आणि त्यांची विशेषणं घ्यावी लागतील आणि लेख तिथंच संपेल. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, गडमुडशिंगीहून बसनं यायचे. मग एम.ए. करून, सेट पास होऊन त्यांच्याच हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासांचं मानधन, तेही संस्थेच्या सवडीनं. सुट्टी लागली की आपण आपल्या घरी. दर जूनला नवी ऑर्डर निघाली तर प्राध्यापक, नाही निघाली तर गडमुडशिंगीची पोरगी.

सरांचा पेपर होता 'मध्ययुगीन इस्लामी जग आणि पूर्व आशिया'. पोरं त्याला 'खलिफा-शोगुन' म्हणत. तो अभ्यासक्रमात कधी आणि कुणाच्या हौसेनं आला हे कुणाला आठवत नव्हतं. पेपर सगळा संज्ञांचा. इक्ता, मामलूक, वझीर, शोगुन, दाइम्यो, रोनिन. बगदादपासून क्योतोपर्यंतचे हे शब्द पोरं पाठ करायची, परीक्षेत 'टिपा लिहा'मध्ये ओतायची आणि घरी जाईपर्यंत विसरायची. त्यासाठी वीस पानांचं एक गाईड मिळायचं. त्या गाईडचा सरांना भयंकर राग होता. वर्गात कुणाच्या हातात दिसलं तर ते दोन बोटांनी उचलून खिडकीत नेऊन ठेवायचे, मेलेला उंदीर ठेवावा तसं.

सर मूळचे शाहूवाडीकडचे, डोंगरातले. अंगानं बारीक. पांढरा हाफ शर्ट, खिशात चार पेनं, त्यातलं चालणारं एक. ते कुठलं हे त्यांनाही माहीत नसायचं, म्हणून सही करायच्या आधी चारही क्रमानं काढून हातावर रेघा मारून बघायचे. दुपारच्या डब्यात नुसता भात. कुणी भाकरी पुढं केली तर म्हणायचे की भात खाणाऱ्या माणसांचा इतिहास शिकवायचा तर पोटात भातच पाहिजे. मग बगदाद शिकवायच्या दिवशी काय खायचं, असं मी एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी डब्यात खजूर घेऊन आले आणि त्यातले दोन मला दिले.

गाईडवर त्यांनी काढलेला उतारा म्हणजे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात संज्ञांच्या चिठ्ठ्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला डबा फिरायचा, एकेकानं चिठ्ठी उचलायची आणि सांगायचं. नियम एकच होता. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. ती गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुठं पाहिली ते सांगायचं. कुणी व्याख्या घडाघडा म्हणायला लागला की सर हात वर करायचे आणि म्हणायचे, "ते झालं. बघितलंस कुठं?"

हे 'बघितलंस कुठं' आम्ही इतक्या वेळा ऐकलं की कँटीनमध्ये कुणी प्रेमाबिमाच्या गोष्टी सांगायला लागलं तरी आम्ही तेच विचारायचो.

मंडईबाहेर गाड्या लावायच्या पावत्या फाडणारा माणूस म्हणजे इक्तादार, असं एका पोरानं सांगितलं. जागा सरकारची, पावती त्याची, आणि दम बी त्याचाच. सरांनी मान हलवली. पावतीवाला ठेका पैसे भरून घेतो, इक्ता, म्हणजे एखाद्या मुलखाचा महसूल गोळा करायचा हक्क, सुलतान पगाराच्या बदल्यात देतो, हा फरक त्याला समजावला, दम मात्र बरोबर आहे म्हणाले आणि सहा मार्क दिले. लहानपणी विकत घेतलेले, धन्याच्या घरी वाढलेले आणि एक दिवस धन्याच्याच गादीवर बसलेले गुलाम म्हणजे मामलूक. त्यावर एकानं साहेबांची गाडी चालवता चालवता साहेबांच्याच विरोधात निवडून आलेला ड्रायव्हर सांगितला. मंगोलांचा पैझा, म्हणजे जो दाखवला की वाटेत घोडा, जेवण, मुक्काम सगळं मिळायचं तो धातूचा परवाना, याला सगळ्या वर्गानं एका सुरात 'आमदारांचं पत्र' म्हटलं. एका कबनूरच्या मुलीला चीनच्या दरबारातल्या नजराण्याची चिठ्ठी आली. शेजारचे राजे नजराणा घेऊन यायचे, बादशहापुढं डोकं जमिनीला टेकायचे आणि आणलेल्यापेक्षा जास्त घेऊन परत जायचे. तिच्या घरी यंत्रमाग होते, कापडाचं तिला बरोबर कळायचं. ती म्हणाली की आमची आई माहेरी एक साडी घेऊन जाते, मामी दोन देऊन पाठवते, पण त्याआधी आईला सगळ्यांच्या पाया पडायला लावते. सर इतके खूश झाले की खिडकीपर्यंत चालत जाऊन परत आले. तिला आठ मिळाले. तोवरचा तो विक्रम होता.

दहा कुणालाच नाही. दहा दिले की माणूस बघायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं. नऊपण नाही. कापलेल्या मार्काचं कारण ते तोंडानं सांगायचे आणि ते कारण संज्ञेशी संबंधित असलंच पाहिजे असं नव्हतं. एक मार्क उत्तर देताना पेन चावलं म्हणून, एक शर्टाचं बटण उघडं म्हणून. मी शिकवायला लागल्यावर माझ्यापुढंही डबा यायचा. मला रोनिन आला, मालक नसलेला सामुराई. मी बोलले काहीच नाही, नुसतं स्वतःकडं बोट दाखवलं. सरांनी सात दिले आणि नंतर दिवसभर माझ्याकडं बघायचं टाळलं.

परीक्षेत मात्र पुस्तकच लिहा, असं ते बजावून सांगायचे. तपासणारा आपल्या जिल्ह्याचा असेलच असं नाही.

विभागप्रमुखाची खुर्ची त्यांनी कधी वापरली नाही. तिच्यावर कुठल्याशा सत्काराची शाल पांघरून ठेवली होती आणि स्वतः तिच्या मागं लाकडी स्टुलावर बसायचे. खुर्ची म्हणजे जपानचा सम्राट आणि स्टूल म्हणजे शोगुन. मान सगळा खुर्चीला, काम सगळं स्टुलाला. नवीन पोरं अर्ज घेऊन यायची तेव्हा सर सांगायचे, "खुर्चीला विचार." पोरगं बावरून खुर्चीकडं बघून बोलायला लागायचं आणि मागून सर सही करायचे, अर्थात चार पेनं चालवून बघितल्यावर. शिपाई मुजावरमामा रोज सकाळी ती रिकामी खुर्ची पुसायचे. कशाला पुसता, असं मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, बाकीच्या खोल्यांत भरल्याल्या पुसतोय, त्यापेक्षा हीच बरी."

सरांचा दुसरा नाद लग्नपत्रिकांचा. लग्नाला जात नसत, पत्रिका मात्र गोळा करत. त्यांच्या मते आपल्याकडं खरी कागदपत्रं तीच. एखाद्या घराण्याच्या सलग तीन पत्रिका पुढ्यात मांडायच्या आणि बोट ठेवत सांगायचं, हे बघ, दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ 'निमंत्रक'मध्ये, यंदा खाली 'व्यवस्थापक'मध्ये. म्हणजे वाटणी झाली आणि विहीर थोरल्याकडं गेली. चौकशी केली तर विहीर खरंच थोरल्याकडं गेलेली असायची.

या नादापायी एक गोष्ट त्यांच्या गळ्यात पडली. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांची नावं वाचायचं काम. आमच्याकडं कार्यक्रम म्हणजे मुळात नावंच. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, कुणाला 'शिक्षणमहर्षी' आणि कुणाला नुसतंच 'मा.', यावर वर्ष-वर्ष अबोला धरला जातो. सर कधी चुकले नाहीत. तीस माणसांची यादी डोळे मिटून म्हणायचे. संस्थेच्या लोकांना वाटायचं, काय निष्ठा आहे माणसाची. मला वाटायचं, एवढं सगळं कळणारा माणूस हे वाचतो कसा. आता मी शहाणपण सांगतेय, तेव्हा मीही टाळ्या वाजवत होते.

यादीत पहिलं नाव नेहमी आबासाहेबांचं. आबासाहेबांकडं पद कुठलंच नव्हतं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी अध्यक्षपद मुलाला दिलं आणि आपण 'मार्गदर्शक' झाले. मुलगा सभेत बसायचा, फाईल मात्र संध्याकाळी आबासाहेबांच्या घरच्या झोपाळ्यावर जायची. जपानात मध्ययुगात याची रीतच होती. सम्राट गादी मुलाला द्यायचा, संन्यास घ्यायचा आणि मठात बसून राज्य चालवायचा. त्याला इन्सेई म्हणतात. ही चिठ्ठी डब्यातून निघाली की वर्गात कुणीच उदाहरण द्यायचं नाही, सगळे खाली मान घालून हसायचे, आणि सर न विचारता सगळ्या वर्गाला पाच-पाच मार्क द्यायचे.

आता खुतब्याबद्दल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मला ती चिठ्ठी आली होती. मी गाईडमधलं म्हणून दाखवलं. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत जे प्रवचन होतं तो खुतबा. त्यात राज्यकर्त्याचं नाव घेतलं जाई. ज्याचं नाव, राज्य त्याचं. एखाद्या सुभेदारानं ते नाव वगळलं तर ते बंड समजलं जाई. सरांचा हात वर झाला. बघितलंस कुठं? तेवढ्यात मुजावरमामा चहा घेऊन आले. सरांनी त्यांनाच विचारलं, तुमच्याकडं खुतब्यात आता कुणाचं नाव घेतात?

मामा कप ठेवत म्हणाले, "आता कुठल्या राजाचं घेत न्हाईत सर. तिथं तरी सुटलोय. इथं हॉलमध्ये घेतोय की सगळ्यांची."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मामांना त्यांनी तिथल्या तिथं सात मार्क दिले आणि माझी चिठ्ठी माझ्या हातात परत ठेवली. "नाव घेतल्यालं तू रोज बघतीस. वगळल्यालं बघितलंस की मला सांग. तवर तुझ्याकडंच ठिव." ती चिठ्ठी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात बसच्या पासाबरोबर राहिली.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी डिसेंबरात नोटीस लागली की विद्यार्थिसंख्या कमी असल्यामुळं जूनपासून हा पेपर बंद. त्याच्या जागी 'विवाह सोहळा व्यवस्थापन' असा कोर्स सुरू होणार होता. सर तर मेअखेर निवृत्तच होणार होते, त्यांचं काही बिघडत नव्हतं. माझे सगळे तास त्याच पेपरचे होते. पेपर गेला की मी गेले. घरी वडिलांचं गुडघ्याचं दुखणं, भाऊ अकरावीला, आणि 'आमची ताई प्राध्यापक आहे' एवढ्या एका वाक्यावर आईनं माझी तीन स्थळं थोपवून धरलेली.

सर मला म्हणाले, चल, आबासाहेबांना भेटू. डबा बरोबर घेतला. पुढं स्कूटरवर सर, मागं डबा मांडीवर घेऊन मी, अशी आमची वकिलात निघाली. आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते. सरांनी पेपर का ठेवावा हे पंधरा मिनिटं सांगितलं. आबासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यात काय आहे ते विचारलं. सरांनी झाकण उघडलं. आबासाहेबांनी गंमत म्हणून हात घालून एक चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि वाचली. इन्सेई. ही काय भानगड, असं त्यांनी विचारलं.

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातली व्याख्या सांगितली. अगदी गाईडमधली, शब्दन् शब्द. मी डब्याच्या झाकणाकडं बघत राहिले.

"असं व्हय," आबासाहेब म्हणाले. "आणि यातनं पोरास्नी नोकरी लागती का?"

लागत नाही, असं सरांनी खरं ते सांगितलं. मग बघू, असं म्हणून आबासाहेबांनी झोपाळ्याला पाय लावला. आमच्याकडं 'बघू' याचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

जानेवारीत विवाह सोहळा कोर्सचं उद्घाटन झालं. हॉलला झेंडूच्या माळा, स्टेजवर एक खोटा मांडव, आणि दोन पोरं नवरा-नवरी करून बसवलेली. पहिल्या रांगेच्या मधल्या सोफ्यावर आबासाहेब. त्यांची एक लकब होती. आपलं नाव येणार म्हटलं की ते आधीच सोफ्यावरून अर्धे उठायचे, हात जोडायचे आणि नाव उच्चारलं की सभेकडं वळून मग बसायचे. सर माईकपाशी आले, डोळे मिटले आणि थेट अध्यक्षांपासून सुरुवात केली. मग उपाध्यक्ष, सचिव, संचालक, प्राचार्य. सगळे बरोबर, सगळे क्रमानं. आबासाहेब अर्धे उठलेले, हात जोडलेले. सहा नावं झाली, दहा झाली. त्या वयाला गुडघे किती वेळ धरणार? पंधराव्या नावाला त्यांनी एक हात सोफ्याच्या दांडीवर टेकला आणि हळूच खाली बसले. सरांनी यादी संपवली, नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले.

हॉलमध्ये कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र बोटांवर नावं मोजली होती. कार्यक्रम संपल्यावर सरांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. ते विभागात परतले तशी मी धावत गेले, पर्समधून चिठ्ठी काढली आणि सरांपुढं धरली. म्हटलं, "सर, आज बघितलं."

सर स्टुलावर बसून पेनांची टोपणं नीट करत होते. म्हणाले, "काय बघितलंस? माझ्यासारख्या म्हाताऱ्याला इसर पडला, एवढंच. ठिव ती चिठ्ठी आत."

मला त्यांचा राग आला. एवढं करायचं आणि मग कबूलही करायचं नाही, याला काय अर्थ. पुढच्या आठवड्यात कॉलेजभर झालं की सरांना विसरायला होतंय, बीपीचा त्रास आहे, आबासाहेबांनी मोठ्या मनानं डॉक्टरचा पत्ता पाठवला. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की जूनपासून तुम्हाला प्रथम वर्षाचे तास देऊ, काळजी करू नका. मी घरी पेढे नेले. सरांनाही दिले. त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा खुर्चीपुढं ठेवला.

खरं काय झालं ते मला मार्चमध्ये मुजावरमामांनी सांगितलं, आणि तेही मी सरांना नावं ठेवत होते म्हणून. आम्ही स्टोअरमध्ये जुने नकाशे लावत होतो. मामा म्हणाले, "मॅडम, त्या उद्घाटनादिवशी केबिनमध्ये चहा मी दिलाय. प्राचार्य म्हणाले, सर, नाव राहिलं का घेतलं न्हाईसा, तेवढं सांगा. राहिलं असंल तर काय न्हाय, वय हाय. घेतलं नसंल तर मग तुमचं पेन्शनचं कागद आणि त्या पोरीचं तास, दोन्ही थांबवायला लागतील. सर म्हणाले, पेन्शन थांबवा की. प्राचार्य म्हणाले, आणि पोरीचं? माझा चहा गार झाला. मग सर म्हणाले, राहिलं. बीपी हाय मला."

मी नकाशा तसाच जमिनीवर सोडला आणि रडले. मामांनी दार लोटून घेतलं. माणसाला आयुष्यात एकदा ताठ उभं राहायचं असतं, त्यासाठी सदतीस वर्षं तो दुसऱ्यांची नावं वाचत थांबतो, आणि मग माझ्या प्रथम वर्षाच्या तासांसाठी स्वतःला विसराळू म्हणवून घेतो. आणि मी त्याला पेढा दिला होता.

मेच्या शेवटी सरांचा निरोप समारंभ ठरला. सत्कारमूर्तीनं स्वतःच यादी वाचणं बरं दिसत नाही, आणि शिवाय विसरायला होतंय, म्हणून काम माझ्याकडं आलं. प्राचार्यांनी टाईप केलेली यादी हातात दिली. पहिलं नाव आबासाहेबांचं, आणि समासात पेननं लिहिलेलं: 'मागच्या खेपेचं धरून दोनदा घेणे'. माझ्या नावाची ऑर्डर टाईप होऊन तयार होती. सही समारंभानंतर व्हायची होती, ती कुठल्या झोपाळ्यावर हे सांगायला नको.

मी त्या दिवशी सकाळी मुजावरमामांना एकच विचारलं. सरांचे पेन्शनचे कागद पुढं गेले का? मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. म्हणाले, "सोमवारीच गेल्यात. म्या स्वतः टपालात टाकून आलोय."

हॉल तोच. मागं भटारखान्यातून तांबड्या रश्श्याचा वास येत होता. सर स्टेजवर फेटा बांधून बसले होते आणि त्या फेट्यात अगदीच बारके दिसत होते. आबासाहेब मधल्या सोफ्यावर. मी माईकपाशी गेले तशी त्यांनी हात जोडायची तयारी केली. यादी मी घडी घालून मुठीत धरली. आणि एकच नाव घेतलं. सरांचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आधी एकही विशेषण न लावता. मग नमस्कार केला.

कुणाला काही कळेना. दोघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबले. प्राचार्य उठून आले, तळहातानं माईक झाकला आणि हसऱ्या चेहऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, राहिलं का?"

मी म्हटलं, "राहिलं नाही सर. घेतलं नाही."

आबासाहेब अर्धे उठलेले होते. ते तसेच माझ्याकडं बघत राहिले, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं. पोराबाळांना नसेल कळलं, त्यांना कळलं. सावकाश खाली बसले. या खेपेला कुणी डॉक्टरचा पत्ता पाठवला नाही. ऑर्डरही निघाली नाही.

जेवायला मी थांबले नाही. गाड्या लावायच्या जागेत सरांची स्कूटर होती, तिच्यापाशी उभी राहिले. बऱ्याच वेळानं सर आले. फेटा बगलेत, शाल खांद्यावर, नारळ पिशवीत. मला बघितल्याबरोबर ओरडले, "अक्कल हाय का तुला? जूनमध्ये काय खाणार? मी काय त्यासाठी..." आणि पुढचं त्यांनी गिळलं, कारण ते त्यांना मला सांगायचं नव्हतं आणि मला ते आधीच माहीत होतं.

मी पर्समधून चिठ्ठी काढली. घडीवर ती आता फाटायला आली होती. त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी चिठ्ठी घेतली, स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि खिशातलं पहिलं पेन काढलं. हातावर रेघ ओढली, उठली नाही. दुसरं, तिसरं. चौथं चाललं. चिठ्ठीच्या मागं त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला परत दिली. नऊ.

"एक कशाचा कापला?" मी विचारलं.

"आवाज बारीक हुता," सर म्हणाले. "मागं दारात मुजावर उभा हुता, त्याला ऐकू आलं न्हाय." मग स्कूटरला चार-पाच किका मारल्या, ती सुरू झाली, आणि ते शाहूवाडीच्या वाटेला लागले.

सर आता गावीच असतात, भाताचं बघतात. अधूनमधून टपालानं एखादी लग्नपत्रिका येते, कुणाच्या तरी नावाखाली रेघ मारलेली, मागं दोन ओळींचा अर्थ. मी एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवते. डबा सरांनी माझ्याकडं पाठवून दिला. दर शनिवारी तो फिरतो आणि मी हात वर करून विचारते, बघितलंस कुठं? आईकडं स्थळं पुन्हा यायला लागली आहेत, ती थोपवायला आता तिच्याकडं वाक्य नाही. मला त्याचं वाईट वाटतं. त्या दिवसाचं वाटत नाही.

मुजावरमामा मागच्या महिन्यात मंडईत भेटले. मी त्यांना विचारलं, की मामा, त्या दिवशी मी प्राचार्यांना काय म्हणाले ते तुम्हाला दारात ऐकू आलं होतं का? मामांनी पिशवी खाली ठेवली आणि ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.